निदानानंतरचे घर

तीन वर्षांचा मुलगा हाक मारली तरी वळून पाहत नाही, खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी तासन्‌तास तिचे चाक फिरवीत बसतो. कोलकात्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घरात प्रारंभी हे कोणी फारसे मनावर घेत नाही. मुलगे उशिराच बोलू लागतात, असे ठाकुमा, म्हणजे वडिलांची आई, ठामपणे सांगते. मग कानांची तपासणी होते. कान निर्दोष निघतात. अखेर मुलाच्या वर्तनाचे निरीक्षण करून तज्ज्ञ 'ऑटिझम' असे निदान करतात. रक्ताच्या तपासणीतून किंवा क्ष-किरणाच्या चित्रातून हे निदान होत नाही, म्हणून आईवडिलांचा त्यावर सहजासहजी विश्वासही बसत नाही.

मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. मूल आपल्याच विचारांत रमले आहे, असे त्यावरून वाटते. प्रत्यक्षात अशा अनेक मुलांना इतरांचा सहवास हवा असतो, पण तो मिळविण्याची रीत त्यांना अवघड जाते.

पहिला आघात बहुधा आईवर होतो. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत १९४३ साली या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असा समज तज्ज्ञांमध्येच रूढ होता. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच मुलाचा पिता होता, याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे प्रतिपादन केले. शास्त्राने तो आरोप मागे घेतला, नातेवाइकांनी मात्र घेतलेला नाही. 'तू नोकरीवर जात होतीस म्हणून' हे वाक्य आजही ऐकावे लागते. पुष्कळदा आईच नोकरी सोडते. नेमक्या त्याच वेळी वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांचा खर्च सुरू होतो. ऑटिझम समूळ नाहीसा करणारे औषध नाही. तरीही तसे आश्वासन देणारे भेटतात आणि थकलेले आईवडील त्यांना पैसे देतात.

दुर्गापूजेचे दिवस अशा घराची खरी परीक्षा घेतात. ढाकाचा गजर, मंडपांची रोषणाई, रस्त्यातील रेटारेटी हा सारा शहराचा आनंद असतो. परंतु ज्याच्या कानांना साधी शिट्टीही टोचते, त्या मुलाला तो असह्य होतो. ते कान झाकून रस्त्यातच बसते, किंचाळते. भोवतीची माणसे त्याला लाडावलेले समजतात. हळूहळू हे कुटुंब समारंभांना जाणे टाळते आणि आमंत्रणेही कमी होत जातात.

या एकाकीपणातूनच २००१ साली कोलकात्यात काही पालकांनी एकत्र येऊन 'ऑटिझम सोसायटी वेस्ट बेंगॉल' ही संस्था उभारली. समदुःखी पालकांची भेट होणे, हाच अनेकांना पहिला दिलासा असतो.

शिक्षणाचा मार्ग सरळ नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे. शाळेचे दार मात्र कायद्याने लगेच उघडतेच असे नाही. आपल्या गतीने परीक्षा देता येते म्हणून काही मुले मुक्त विद्यालयाकडे वळतात.

मुलाचे वय वाढते तसा एक प्रश्न घरात वारंवार येतो: आपल्यानंतर याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आवश्यकता असल्यास स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आईवडील स्वतःचे नाव देऊ शकतात, पण त्यांचेही वय झालेले असते. बहीण नोकरीसाठी बंगळूरूला गेलेली असते, काका वृद्ध झालेले असतात. अर्जावर नाव कोणाचे लिहावे हे ठरत नाही, आणि कित्येक घरांत तो अर्ज कपाटात तसाच पडून राहतो.