घुमटाकार भट्टी

घुमटाकार भट्टी : (पाव व पिझ्झा भाजण्याची). विटा व माती यांनी बांधलेली, सपाट तळाची, घुमटासारख्या छताची आणि समोर एकच तोंड असलेली भट्टी. हिच्यात इंधन भाजण्याच्या जागीच जाळतात व निखारे कडेला सारून किंवा बाहेर ओढून त्याच तळावर पदार्थ भाजतात. तंदूरमध्ये रोटी भिंतीला चिकटविली जाते, येथे ती तळावर ठेवली जाते, हा दोहोंतील मुख्य भेद होय. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात अशा भट्ट्या सापडल्या असून त्यांची रचना आजच्या भट्टीहून फारशी वेगळी नाही. भारतात पोर्तुगीजांमुळे गोव्यात पाव रूढ झाला; तेथे भट्टीस फोर्न व पाववाल्यास पोदेर म्हणतात.

पदार्थास उष्णता तीन मार्गांनी मिळते : तापलेल्या तळातून वहनाने, घुमटाच्या आतील पृष्ठभागाकडून प्रारणाने व आत फिरणाऱ्या गरम हवेमुळे अभिसरणाने. पावाच्या भट्टीत विस्तव काढून घेतल्यावर विटांत साठलेल्या उष्णतेवर सु. २०० ते २५० से. तापमानास घाणामागून घाणा भाजला जातो. म्हणून तिच्या भिंती जाड असतात. पिझ्झ्यासाठी विस्तव आत तेवत ठेवावा लागतो. यूरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झ्यासाठी मान्य केलेल्या पद्धतीत तळाचे तापमान सु. ४८५ से. व घुमटाचे सु. ४३० से. असून पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजतो. घरगुती भट्टी फार जाड केल्यास तिला तापविण्यातच बहुतेक लाकूड खर्ची पडते. अर्ध्या विटेची जाडी पुरेशी होते.

रायगड जिल्ह्यातील चौक (ता. खालापूर) व शेजारचा कर्जत तालुका या भागात अशा बांधणीचे साहित्य जवळच मिळते. भाताची कापणी झाल्यावर तेथे वीटभट्ट्या सुरू होतात व पावसाळ्यापर्यंत चालतात. त्यांवर मोठ्या प्रमाणात कातकरी कुटुंबे राबतात. अशा भट्टीतील सर्व विटा सारख्या भाजल्या जात नाहीत. कडेच्या विटा कच्च्या राहतात, तर अतिशय तापलेल्या विटांचे वेडेवाकडे खंगर बनतात. घुमटासाठी ठोकल्यावर खणखणीत वाजणारी, सरळ कडांची वीट निवडावी. तळावर विस्तवाचा व फावड्याचा मारा होत असल्याने तेथे उच्चतापसह विटा वापरणे हितावह. घुमटात साधी चांगली वीट चालते.

आतील व्यास ९० सेंमी. व उंची ४५ सेंमी. असलेल्या घुमटास सु. ७० ते ७५ विटा लागतात. त्या अर्ध्या तोडून तोंड आत करून गोलाकार थरांनी रचतात. मध्यभागी खुंटी रोवून ठरावीक लांबीच्या दोरीने प्रत्येक विटेचे अंतर तपासतात. थराचे कडे पूर्ण झाले की तो स्वतःच टिकतो. वरचे, फार कललेले थर मात्र वाळूच्या ढिगावर किंवा लाकडी साच्यावर आधारून रचावे लागतात. अर्धगोलाच्या माथ्यापासून सु. ५२ अंशांच्या खाली कड्यात ताण निर्माण होतो आणि वीटकामास ताण सोसत नाही. म्हणून खालच्या थरांना बाहेरून मातीचा जाड आधार देतात. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या सु. ६३ टक्के, म्हणजे येथे २८ सेंमी. ठेवतात. खालच्या अर्ध्यातून हवा आत जाते व वरच्या अर्ध्यातून धूर बाहेर पडतो. धुराडे घुमटाच्या माथ्यावर नव्हे, तर तोंडाच्या बाहेर असते. माथ्यावर ठेवल्यास उष्णताच निघून जाते.

जोडकामासाठी सिमेंट वापरणे हे घरगुती भट्टी बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे. सिमेंटातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडाचे सु. ४५० से.ला विघटन होऊन चुनकळी उरते. ती पुढे ओलावा शोषून फुगते व सांधे भुसभुशीत होतात. चिकणमाती व चाळलेली वाळू यांचा गारा अशा तापमानाला टिकतो. घुमटावर व तळाखाली उष्णतारोधक थर हवाच. विकतची सिरॅमिक लोकर नसल्यास तुसाची राख माती कालवून वापरता येते. हा प्रदेश भाताचा असल्याने तूस मुबलक असते आणि त्याची राख बहुतांशी सिलिका असते.

या भागात खरी कसोटी पावसाची. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबरमध्ये सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो. वीट वजनाच्या सु. १५ टक्के पाणी शोषू शकते. म्हणजे ७० विटांच्या घुमटात ३० लि.पर्यंत पाणी मुरते. अशा भट्टीत एकदम मोठा जाळ केल्यास आतील पाण्याची वाफ होऊन विटांचे पापुद्रे उडतात व घुमटास भेगा पडतात. यासाठी भट्टीवर छप्पर हवे आणि बांधकाम दिवाळीनंतर व होळीपूर्वी करणे इष्ट. नवी भट्टी, तसेच पावसाळ्यानंतरची जुनी भट्टीही, पाच ते सात दिवस रोज थोडा वाढवीत नेलेल्या लहान जाळाने वाळवावी लागते.

धुराचा प्रश्न मोठ्या शहरात गंभीर ठरला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. भंगारातील लाकूड स्वस्त पडत असल्याने अनेक बेकऱ्या त्यावरच चालत आल्या होत्या. आदेश धंद्याच्या भट्ट्यांपुरता असला, तरी रंग दिलेले लाकूड व प्लायवुड घरच्या भट्टीतही जाळू नये, कारण पदार्थ त्याच तळावर ठेवला जातो. सुक्या लाकडाचा धूर मुख्यतः आरंभी होतो. घुमटावर प्रथम काजळी धरते व तो पुरेसा तापला की ती जळून विटा पुन्हा पांढुरक्या दिसू लागतात. तेव्हा निखारे सारून तळ ओल्या फडक्याने पुसतात व चिमूटभर पीठ टाकून पाहतात. ते लगेच काळे पडल्यास भट्टी पावासाठी फार तापलेली असते. सावकाश तांबूस झाल्यास पाव आत सरकवतात.