अडीच किलोच्या आतले बाळ

प्रयोगशाळेतला ताणकाटा तुम्ही हाताळला असेलच. तसाच काटा नवजात बाळाचे वजन करण्यासाठीही वापरतात. फक्त आकड्याला झोळी अडकवायची. वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरले, तर बाळाची नोंद ‘कमी वजनाचे’ अशी होते. ही सीमारेषा फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील ज्या बाळांचे वजन कळले त्यांपैकी सुमारे १८ टक्के या रेषेखाली होती.

थोड्या ग्रॅमनी काय बिघडते? शरीराचा आकार सारखाच धरला, तर पृष्ठफळ हे वजनाच्या घनमुळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिशेब करून पाहा : ३ किलोच्या बाळापेक्षा २ किलोच्या बाळाला दर किलोमागे सुमारे १४ टक्के अधिक त्वचा असते. उष्णता निर्माण होते शरीरात आणि निसटते त्वचेतून. त्यात अंगावर चरबीही कमी. म्हणून असे बाळ चटकन गार पडते. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. यंत्र नाही, वीज नाही; माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला हा उपाय फार आवडतो.

पण मुळात वजन कमी का भरते? एक तर बाळ ३७ आठवड्यांपूर्वीच जन्मते, किंवा दिवस भरूनही गर्भात त्याची वाढ अपुरी राहते. यामागची कारणे पुष्कळदा आईच्या बालपणापर्यंत जातात. नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतले पाडे सातपुड्यात विखुरलेले आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. गरोदर स्त्रीही मोळ्या उचलते. तिची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या गावीच राहतात. आदिवासी भागातील गरोदर मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आली, पण गाव सुटले की ते जेवणही सुटते. लहानपणी अर्धपोटी राहिलेल्या मुलीचे लग्न अठराच्या आत झाले, तर तिची स्वतःची वाढ चालू असतानाच पोटात दुसरा जीव वाढू लागतो. रक्तक्षय, या भागात आढळणारा सिकलसेल आजार, दोन बाळंतपणांतले थोडे अंतर यांची त्यात भर पडते.

शिकलेल्या आईचे बाळ सरासरीने अधिक वजनाचे असते, असेही दिसते. आता इतिहास-भूगोलाचे काही ग्रॅम होत नाहीत! मुलगी शाळेत राहिली की लग्न लांबते, हे एक. पण तिच्या घरी पैसाही बहुधा थोडा जास्त असतो. मग श्रेय शाळेचे किती, पैशाचे किती? बॉइलचा नियम पडताळताना आपण तापमान स्थिर ठेवतो ना? तसेच संशोधक सारख्याच मिळकतीच्या घरांतल्या मातांची तुलना करतात.

एक अडचण मात्र उरतेच. घरी जन्मलेले आणि काट्यावर न गेलेले बाळ या हिशेबात येतच नाही. अशी बाळंतपणे दूरच्या पाड्यांवर जास्त होतात. म्हणजे जिथे वजन कमी भरण्याचा संभव अधिक, नेमके तिथलेच आकडे अपुरे.