पेढ्यांची उलटतपासणी

चोरीचा तपास करणाऱ्याला तुटलेलें कुलूप सांपडतें. परंतु ज्या व्यवहारांत कुलूप शाबूत राहतें, किल्ल्या पेढीच्या चालकांच्याच हातीं असतात, आणि तरीहि हजारों कुटुंबांची पुंजी नाहींशी होते, त्याचा माग कसा काढावा? अमेरिकेंत १९३३ सालीं एका वकिलानें हा माग काढून दाखविला. त्यांचें नांव फर्डिनंड पेकोरा.

पेकोरा यांचा जन्म १८८२ सालीं सिसिली बेटांतील निकोसिया गांवीं झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. पेकोरा लहान असतांनाच कुटुंब अमेरिकेंत आलें. वकिलाच्या कचेरींत कारकुनी करून त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला व १९११ सालीं सनद मिळविली. पुढें १९१८ पासून सुमारें बारा वर्षें न्यूयॉर्क येथें सहाय्यक सरकारी वकील असतांना, गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन प्रत्यक्षांत शेअर न घेणाऱ्या बनावट दलालांवर त्यांनीं खटले चालविले.

१९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. सेनेटच्या बँकिंग समितीनें १९३२ सालीं चौकशी आरंभिली. परंतु बडे सराफ गुळगुळीत उत्तरें देऊन निघून जात. जानेवारी १९३३ मध्यें समितीनें पेकोरा यांस प्रमुख वकील नेमिलें. त्यांचें वेतन महिना २५५ डॉलर होतें. ज्यांची ते तपासणी करणार होते त्यांच्यापैकीं नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्लस मिचेल यांची १९२९ ची मिळकत दहा लाख डॉलरांहून अधिक होती.

पेकोरा यांची रीत साधी होती. साक्षीदार येण्यापूर्वीं ते पेढीचें दफ्तर मागवीत, सहाय्यकांसह तें वाचून काढीत, आणि मग चालकाला त्याच्याच कचेरींतील कागदावर बोलावयास लावीत. नॅशनल सिटीच्या शाखासंस्थेनें पेरू देशाचे सुमारें नऊ कोटी डॉलरांचे कर्जरोखे लोकांना विकण्यांत भाग घेतला होता. पेरूची पत वाईट आहे असे अहवाल संस्थेच्या दफ्तरांत आधींच पडून होते. रोखे घेणाऱ्यांना मात्र तें कळविलें नव्हतें. १९३१ सालीं पेरूनें व्याज देणें थांबविलें. मिचेल यांनीं आपले शेअर पत्नीस विकून कागदोपत्रीं तोटा दाखविल्याचें व प्राप्तिकर चुकविल्याचेंहि बाहेर आलें. कांहीं दिवसांतच त्यांनीं राजीनामा दिला.

मॉर्गन पेढीच्या एकाहि भागीदारानें १९३१ व १९३२ या वर्षांचा प्राप्तिकर भरला नव्हता. चेस बँकेचे आल्बर्ट विगिन यांनीं तर १९२९ सालीं आपल्याच बँकेच्या शेअरांत मंदीचा सौदा केला, आणि भागधारक बुडत असतां चाळीस लाख डॉलरांवर नफा मिळविला.

येथेंच या चौकशीचें मर्म आहे. मॉर्गन यांचे भागीदार तोटा वजा घालीत होते तो कायद्याला धरूनच. विगिन यांच्या सौद्यासहि त्या वेळीं कोणताहि कायदा आडवा येत नव्हता. मिचेल यांच्यावर खटला झाला, परंतु ज्यूरीनें त्यांना निर्दोष सोडलें. सरकारची करवसुली तेवढी पुढें दिवाणी मार्गानें झाली. तुरुंगाचें दार जेथें उघडलें नाहीं, तेथें पेकोरा यांनीं काय साधलें? कायदा मोडला गेला नसला तरी विश्वास मोडला गेला आहे, हें त्यांनीं लोकांना आंकड्यांनीं दाखविलें. मग कायदाच बदलणें भाग पडलें.

१९३३ च्या कायद्यानें रोखे विकणाऱ्यावर खरी माहिती उघड करण्याचें बंधन आलें. त्याच वर्षीं ठेवी घेणाऱ्या बँका रोख्यांच्या व्यापारापासून वेगळ्या करण्यांत आल्या. हें विभाजन १९९९ सालीं बऱ्याच अंशीं रद्द झालें. १९३४ सालीं शेअरबाजारावर देखरेख ठेवणारा आयोग स्थापन झाला, आणि कंपनीच्या चालकांना स्वतःच्या कंपनीच्या शेअरांत मंदीचा सौदा करण्यास मनाई झाली. विगिन यांची वाट अशा रीतीनें बुजविण्यांत आली. पेकोरा त्या आयोगाचे एक सभासद झाले, व १९३५ सालीं न्यूयॉर्कचे न्यायाधीश. १९७१ सालीं त्यांचा अंत झाला.

आज अशा कामाचा बराच भाग गुन्हा घडण्यापूर्वींच करावा लागतो. भारतांत १९९२ सालीं रोखेबाजारांत मोठा घोटाळा उघडकीस आला, आणि त्याच वर्षीं मुंबईच्या 'सेबी' या संस्थेस कायद्याचें बळ मिळालें. तिच्या नियमांप्रमाणें आंतली बातमी जाणणाऱ्यांच्या सौद्यांवर नजर ठेवण्यासाठीं शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीस एक जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. त्याचें काम नीरस भासतें: नोंदी तपासणें, तारखा जुळविणें, वरिष्ठाला वेळीं 'नाहीं' म्हणणें. परंतु पेरूविषयींचे अहवाल दफ्तरांतच पडले असतांना असें म्हणणारा कोणी त्या पेढींत असता, तर पुष्कळ घरांतील म्हातारपणाची तरतूद वांचली असती.