पाककृतींच्या स्पर्धेत उतरताना

गावात पाककृतींची स्पर्धा जाहीर झाली की बहुतेक घरांतून एकच उद्गार निघतो : "आम्ही काय न्यायचं? आमचं आपलं रोजचंच!" स्पर्धा कधी शाळेच्या स्नेहसंमेलनात असते, कधी बचत गटाच्या मेळाव्यात, तर कधी पावसाळ्यात भरणाऱ्या रानभाजी महोत्सवात. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणीच्या पदार्थांच्या स्पर्धाही पुष्कळ झाल्या. अशा स्पर्धेत उतरायचे ते कसे, आणि मुळात कशासाठी, याचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट पदार्थाच्या निवडीची. पुष्कळजणी स्पर्धेसाठी म्हणून कधी न केलेला पदार्थ करायला घेतात आणि तिथेच फसतात. जो पदार्थ आपल्या हाताला बसलेला आहे, तोच न्यावा. समजा, शेंगोळे. हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे पीठ. लसूण, जिरे, तिखट, मीठ. बोटभर लांबीच्या वळ्या वळून उकळत्या रश्श्यात सोडायच्या. साधा पदार्थ, पण पौष्टिक. कडधान्य असल्याने त्यात प्रथिने भरपूर. नाचणीचा पदार्थ नेणार असाल तर परीक्षकांना हेही सांगता येईल की शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

दुसरी गोष्ट मापाची, आणि खरी अडचण इथेच आहे. स्पर्धेत पदार्थाबरोबर बहुधा कृतीही लिहून द्यावी लागते. "पीठ किती घेतलं?" असे विचारले की उत्तर येते, "अंदाजानं." अंदाज खोटा असतो असे नव्हे. चाळीस वर्षे रांधणाऱ्या बाईचा अंदाज तराजूइतका नेमका असतो. पण तो तिच्या हातात असतो, कागदावर नसतो. तो कागदावर आणण्याची एक सोपी युक्ती सांगतो. पीठ आधी वजन करून डब्यात भरा. आजींना नेहमीसारखे हाताने घेऊ द्या, मध्ये काही विचारू नका. पदार्थ झाला की उरलेल्या पिठाचे वजन करा. वजाबाकी केली की माप हाती आले! पाणी, तेल, मीठ यांचेही असेच. घरात काटा नसेल तर वाटीने मोजा. मात्र सगळ्याला वाटी एकच हवी. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले. त्यातली मापे वाटी-चमच्याची होती, म्हणून ती नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींनाही वापरता आली.

मापाइतकेच महत्त्वाचे आहे ते कारण. ज्वारीच्या भाकरीला काहीजणी पिठात कढत पाणी का घालतात? ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा घटक नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पीठ धरून राहते, भाकरी मोडत नाही. बाजरीचे पीठ ताजेच का दळायचे? त्यात स्निग्धांश अधिक, म्हणून ठेवले की कडवट होते. कृतीखाली अशी एक ओळ लिहिली तर परीक्षकही खूश, आणि वाचणाराही शिकतो.

तिसरी गोष्ट मांडणीच्या टेबलाची. घरी आपण ताटात गरम वाढतो; तिथे पदार्थ तासभर बसून राहतो. शेंगोळे तेवढ्यात रस्सा पिऊन घट्ट होतात. तेव्हा रस्सा जरा पातळ ठेवावा आणि थर्मासमध्ये गरम पाणी न्यावे. आदल्या दिवशी घरीच पदार्थ करून तास-दीड तास झाकून ठेवा आणि मग चाखा, म्हणजे काय बदलते ते कळेल. नारळाचे दूध, दही घातलेले पदार्थ उन्हाळ्यात लवकर बिघडतात, ते टाळलेले बरे.

रानभाजी नेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. शेवळासारख्या भाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून जुन्या बायका त्यात काकडाची फळे किंवा चिंच घालतात. स्वतः न ओळखलेली आणि घरात कधी न खाल्लेली रानभाजी स्पर्धेसाठी म्हणून मुळीच शिजवू नये.

आता, हे सारे कशासाठी? बक्षीस बहुधा एखादे भांडे किंवा प्रमाणपत्र. ते मिळो न मिळो. पण कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात खुडायची, ती किती पाण्यात उकडायची, ते पाणी टाकायचे की ठेवायचे, हे ज्ञान आज थोड्याच म्हाताऱ्या माणसांपाशी उरले आहे. ते माणूस गेले की ते ज्ञानही गेले. मग मागून कितीही हळहळून उपयोग नाही. स्पर्धेच्या निमित्ताने घरातले कोणीतरी वही घेऊन चुलीपाशी बसते, ही मोठीच मिळकत नाही का?

शिक्षकांनी इथे पुढाकार घ्यावा. मुलांना आपल्या आजीची एक कृती मोजून लिहून आणायला सांगावे. वजाबाकीचा, प्रमाणाचा आणि शुद्ध लेखनाचा धडा एकाच वेळी होईल. कृतीखाली आजीचे नाव आणि गावाचे नाव अवश्य लिहावे. वर्गातल्या तीस मुलांच्या तीस कृती जमल्या, तर गावाचे पाकपुस्तक तयार झालेच म्हणा.