अमूर्त चित्रकार आणि यंत्राची साठ वर्षं

बेल लॅब्जमधले इंजिनिअर ए. मायकेल नोल यांनी १९६४ साली संगणकाकडून आडव्या-उभ्या रेघांचं एक चित्र काढून घेतलं. मग ते आणि अमूर्त चित्रकार मोंद्रियानचं १९१७ सालचं रेघांचं चित्र, दोन्हींच्या छायाप्रती शंभर जणांपुढे ठेवल्या. ५९ टक्के लोकांना संगणकाचं चित्र जास्त आवडलं. ते संगणकाचं आहे हे फक्त २८ टक्क्यांनी ओळखलं. मोंद्रियान हरला, असं म्हणणं घाईचं होईल. छायाप्रतीत ब्रशचा हात दिसतो कुठे? पण अमूर्त चित्रकारांच्या दारात यंत्र सगळ्यांत आधी आलं, यात नवल नव्हतं. चित्रातून माणसं, झाडं, घरं काढून टाकून नुसत्या आकारांच्या नियमांशी त्यांनीच तर खेळ मांडला होता. मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७०च्या सुमारास ‘सिझिजी’ हा अमूर्त रेखाटनांचा चित्रपट केला, तोही असाच नियमांवर बेतलेला.

चित्र काढणं नियमांत बांधता येईल का, या प्रश्नामागे सगळ्यांत चिवटपणे लागले ते हॅरल्ड कोहेन. १९६६च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनतर्फे चित्रं मांडलेला हा नावाजलेला अमूर्त चित्रकार दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला गेला आणि चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकू लागला. त्यातून ‘ॲरन’ हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम घडला. त्याला शिकवायला कुणाच्या चित्रांचा साठा नव्हता. आत-बाहेर, उघडा आकार-बंद आकार असे कोहेन यांनी लिहिलेले नियम, एवढीच शिदोरी. १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात चाकांवरचं एक ‘कासव’ जमिनीवरच्या कागदावर ॲरनच्या रेघा ओढत फिरलं.

रंग मात्र कोहेन स्वतः भरत. रेघेचे नियम सांगता येत होते, रंगाचे सापडेनात. ते लिहून होईपर्यंत १९९५ उजाडलं. तेव्हा बोस्टनमध्ये यंत्र स्वतः रंग मिसळून चित्रं रंगवू लागलं. इथे थांबले असते तर ते कोहेन कसले! आयुष्याच्या अखेरीस ते टचस्क्रीनवर बोटांनी, ॲरनच्या आकारांवर पुन्हा आपले रंग चढवत होते. २०१६मध्ये ते गेले.

मग २०२२ आलं. शब्द टाइप केले की एआय साधनं चित्र काढून देऊ लागली, अगदी अमूर्तसुद्धा. त्यासाठी जालावरची कोट्यवधी चित्रं न विचारता वापरल्याबद्दल जानेवारी २०२३मध्ये अमेरिकी कलाकार कोर्टात गेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने रेघा ओढणारी यंत्रं, प्रेक्षकांसमोर ॲरनची रेखाटनं काढत होती. कोर्टात ज्यावर वाद चालू होता, चित्रामागे मेहनत कुणाची, तो प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता: नियम लिहिणारा एकच आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत.