पौषातला बर्फ : आल्प्समधल्या खेड्यात स्कीइंगच्या सुट्टीचे नियोजन

शिरूर तालुक्यातील निमोणे हे घोड नदीच्या खोऱ्यातले, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास वसलेले पर्जन्यछायेतले गाव आहे. डिसेंबरात तेथील शिवारात रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असते, कांद्याची लागण चालू असते आणि पहाटेचा पारा दहा अंशांवर उतरला की त्या थंडीची पारावर चर्चा होते. त्याच सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटली या देशांत पसरलेल्या आल्प्स पर्वतातील उंचावरची खेडी बर्फाखाली जातात आणि तेथील वर्षातला सर्वांत कमाईचा हंगाम सुरू होतो. मराठी कुटुंबांची आल्प्सशी ओळख मात्र बहुतांशी मे महिन्यातली आहे; शाळांना सुट्टी लागली की सहल कंपन्यांबरोबर टिटलिस किंवा युंगफ्राउयोख गाठायचे, तेथील बर्फात तासभर खेळायचे आणि संध्याकाळी शहरातल्या हॉटेलात परतायचे, असा तो परिपाठ आहे. स्कीइंगची सुट्टी हा याहून वेगळा प्रकार असून तिच्यात एकाच खेड्यात आठवडाभर मुक्काम असतो आणि दिवसाचा बराच भाग शिकण्यात जातो. अशी सुट्टी साधते की फसते, हे पैशाच्या आधी तीन गोष्टींवर ठरते : महिना कोणता, खेडे किती उंचीवर आणि जाणाऱ्याची पूर्वतयारी किती.

स्कीइंग म्हणजे पायांना लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाला वर वळलेल्या पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची आणि त्या घसरण्यावर सतत ताबा ठेवण्याची विद्या होय. तिचा उगम उत्तर युरोपातला. बर्फाळ मुलखात शिकारी आणि वाटसरू अशा पट्ट्या शतकानुशतके वापरत आले. आल्प्समध्ये ती रुजली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने 1894 मध्ये दोन स्थानिक भावांच्या सोबतीने दाव्होसहून खिंड ओलांडून आरोझा गाठले आणि त्याचे वर्णन इंग्रजी मासिकात छापून आल्यावर या नव्या छंदाकडे इंग्रज वाचकांचे लक्ष वेधले गेले. 1901 मध्ये ऑस्ट्रियातील आर्लबर्ग भागात स्की मंडळ स्थापन झाले, 1922 मध्ये स्वित्झर्लंडमधील म्यूरेन या खेड्यात झेंड्यांमधून वळणे घेत उतरण्याची आधुनिक स्लॅलम शर्यत घेण्यात आली आणि 1924 मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. भारतातही ही विद्या फार मागाहून आली नाही; ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये काश्मीरमधील गुलमर्ग येथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली होती.

ही खेडी मुळात पर्यटनासाठी वसलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची घडण समजते. ‘आल्प’ या शब्दाचा स्थानिक बोलींतील अर्थ डोंगरमाथ्यावरचे उन्हाळी कुरण असा आहे. जूनमध्ये गाई त्या कुरणांवर न्यायच्या, तेथेच दुधाचे चीज करायचे आणि सप्टेंबरात गळ्यात मोठ्या घंटा बांधून जनावरे वाजतगाजत खाली आणायची, हा तेथील शेतकऱ्यांचा वार्षिक क्रम होता आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यातले धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा घेऊन घाटाखाली कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तेथे थंडी टाळण्यासाठी आणि येथे चाऱ्यासाठी, पण जनावरांमागे ऋतूनुसार उंची बदलणारे हे जगणे एकाच जातीचे आहे.

घरांची रचनाही याच जगण्यातून आलेली असून, दगडी जोत्यावर लाकडी मजले, वर बर्फाचा भार पेलणारे भक्कम छप्पर आणि भिंतीबाहेर पुढे काढलेला रुंद पाखा, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. स्वित्झर्लंडमधील झेरमाट या खेड्याच्या जुन्या वस्तीत लार्च नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची, उन्हाने करपून काळी पडलेली कोठारे अजून उभी आहेत. प्रत्येक कोठार आखूड लाकडी पायांवर उभे असून पाय आणि कोठार यांच्या मधोमध जात्याच्या तळीएवढी सपाट गोल शिळा बसवलेली असते. पायावरून चढणारा उंदीर त्या शिळेच्या खालच्या अंगाला येऊन अडतो आणि धान्य वाचते. दख्खनच्या पठारावर धान्य जमिनीखालच्या पेवात जाई, आल्प्समध्ये ते पायांवर उचलले गेले. ओल आणि उंदीर हे शत्रू दोन्हीकडे तेच होते. हिवाळ्यात हाताला काम नसलेल्या या शेतकऱ्यांनी घरातली एखादी खोली पाहुण्याला देण्यास सुरुवात केली आणि पारंपरिक खेड्यातले हिवाळी पर्यटन त्यातून वाढले. शिरूर तालुक्यातीलच मोराची चिंचोली येथे शेती सांभाळून पाहुण्यांना हुरडा आणि पिठले-भाकरी खिलवणाऱ्या शेतकऱ्यांना हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

नियोजनाचा पहिला प्रश्न महिन्याचा. आल्प्समधला स्कीइंगचा मुख्य हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो. दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी बर्फ पुरेसा नसतो आणि मे महिन्यात झेरमाटसारख्या हिमनदीवरच्या मोजक्या जागा सोडल्या तर उतार बंद झालेले असतात. म्हणजे महाराष्ट्रातील शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या या कामी निरुपयोगी ठरतात. नाताळ ते नववर्ष हा काळ सर्वांत महाग आणि गर्दीचा असतो, तर फेब्रुवारीत युरोपातील शाळांना टप्प्याटप्प्याने सुट्ट्या लागत असल्याने तेव्हाही भाडी चढतात. या दोन गर्दींच्या मध्ये जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरीपर्यंत एक मोकळी फट राहते; थंडी कडक असते, दिवस लहान असतो, पण बर्फाची खात्री अधिक आणि दर तुलनेने उतरलेले असतात. मार्चमध्ये दिवस मोठा आणि ऊन सुखाचे असते, मात्र खालच्या उतारांवरचा बर्फ दुपारनंतर भिजून जड होतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. हवामान तापत चालल्यामुळे कमी उंचीच्या खेड्यांत नैसर्गिक बर्फाचा भरवसा कमी झाला असून, तेथे पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत फवारून कृत्रिम बर्फ पाडणाऱ्या यंत्रांवर भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे खेडे निवडताना त्याची स्वतःची उंची आणि तेथून पाळण्याने किती वर जाता येते, हे दोन्ही आकडे पाहावे लागतात. झेरमाट सुमारे 1600 मीटरांवर असून 4478 मीटर उंचीच्या मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी आहे. तेथे खासगी मोटारींना मज्जाव असल्याने गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून आगगाडीने जावे लागते. म्यूरेन हेही साधारण त्याच उंचीचे, कड्यावर वसलेले मोटारविरहित खेडे आहे, तर झास-फे 1800 मीटरांवर आहे. ऑस्ट्रियातील आल्पबाख हे लाकडी घरांचा एकसारखा घाट कटाक्षाने जपणारे खेडे सुमारे हजार मीटरांवर असल्याने, तेथे जाताना भर हिवाळ्याचा काळ निवडणे शहाणपणाचे ठरते.

उतारांची काठिण्यपातळी रंगांनी दाखवतात. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड मानला जातो. फ्रान्समध्ये नवशिक्यांसाठी त्याही खाली हिरवा रंग असतो. आखून दिलेल्या, यंत्राने दाबून सारख्या केलेल्या अशा वाटेला ‘पिस्ट’ म्हणतात. नवशिक्यांची सोय आहे की नाही हे ठरवताना खेड्यातील एकूण उतारांची लांबी पाहण्यापेक्षा सोपे उतार किती आणि ते खेड्याजवळ आहेत का, हे तपासावे. पहिल्या आठवड्यात काळ्या उतारांचा काही उपयोग नसतो.

खर्चाचे घटक चार. राहणे, उतारांच्या माथ्यावर नेणाऱ्या पाळण्यांचा पास, साहित्याचे भाडे आणि प्रशिक्षण. मुक्कामाचा आठवडा अनेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असा धरतात. कुटुंबाने चालवलेल्या लहान खाणावळवजा घरांत न्याहारी आणि रात्रीचे जेवण भाड्यातच मिळते, तर स्वयंपाकघरासह मिळणारी सदनिका शाकाहारी कुटुंबाला सोयीची पडते. साहित्य विकत घेण्याची नवशिक्याला गरज नसते. त्यातला एक भाग मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. बूट पट्टीला जखडून ठेवणाऱ्या पकडीला ‘बाइंडिंग’ म्हणतात. तिचे एक तोंड चवड्यापुढे आणि दुसरे टाचेमागे असते आणि दोन्हींत स्प्रिंग असते. माणूस वेडावाकडा पडला की ठरावीक जोर ओलांडताच ती पकड उघडून बूट मोकळा करते. तो जोर किती असावा हे दुकानदार गिऱ्हाइकाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य विचारून स्क्रूने ठरवतो. ताण जास्त राहिला तर पडताना पट्टी सुटत नाही आणि गुडघ्याचे अस्थिबंध फाटू शकतात. कमी राहिला तर चालत्या वळणावरच पट्टी निसटते. म्हणून या दुकानात संकोचाने वजन कमी किंवा फुशारकीने कौशल्य जास्त सांगणे थेट गुडघ्यावर बेतू शकते. बूट घट्टच हवा आणि आत एकच पातळ, लांब मोजा हवा. उबेसाठी दोन मोजे चढवले की पाय बुटात हलतो आणि घासून सोलवटतो.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची, आणि तिची सोय भारतातच आहे. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरांवर असून तेथील गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा आकाशपाळणा, अफरवात पर्वताच्या खांद्यावर जवळजवळ 3950 मीटरांपर्यंत नेतो; केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तेथे अभ्यासक्रम चालवते. उत्तराखंडमधील औली येथे गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेत आले आहे; जोशीमठात 2023 च्या जानेवारीत जमीन खचू लागल्यावर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, त्यामुळे तिकडे रस्त्यानेच जाण्याची तयारी ठेवावी. मनालीजवळ सोलंग येथेही उतार आहेत, आणि त्याच परिसरातील बुरुआ गावच्या आंचल ठाकूर हिने 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक नोंदवले. भारतात एक आठवडा पडून-उठून पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब अशी पाचर करून वेग मारण्याची पहिली युक्ती अंगवळणी पडली, तर आल्प्समधल्या महागड्या पासाचे पहिले दोन-तीन दिवस सपाटीवर धडपडण्यात जात नाहीत. शरीराची तयारी घरी करता येते. या खेळात सारा भार मांड्या आणि गुडघे वाकवून पेलायचा असतो, आणि त्यासाठी तालमीतल्या बैठका दोन महिने नेमाने काढणे हा उत्तम व्यायाम आहे.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा मुख्य. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेन करारात आहे, त्यामुळे चारही देशांना एकच व्हिसा चालतो आणि ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु साध्या प्रवासविम्यात स्कीइंगमधले अपघात बहुधा वगळलेले असतात, म्हणून हिवाळी खेळांचे जादा संरक्षण लेखी मागून घ्यावे. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हेही विचारावे.

उतारावरचे शिष्टाचार आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने दहा नियमांत बांधले आहेत आणि त्यांचे सार एका वाक्यात सांगता येते : पुढच्या माणसाचा हक्क पहिला, सांभाळायचे ते मागून येणाऱ्याने. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा आकड्यांत रोज जाहीर होतो. नवशिक्याने तो आकडा कितीही लहान असला तरी आखलेली वाट सोडू नये.

निमोण्यासारख्या गावातल्या कुटुंबाने हे सारे आपल्या कामाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिले, तर एक सोयीचा मेळ हाती लागतो. कांद्याची लागण जानेवारीच्या मध्यापर्यंत उरकते, ज्वारीची काढणी पुढे फेब्रुवारीत सुरू होते आणि आल्प्समधले उतरलेल्या दरांचे, खात्रीच्या बर्फाचे दिवस नेमके यांच्या मध्ये येतात. घरात दहावी-बारावीचे मूल नसेल आणि पंधरा दिवस पिकाला पाणी द्यायला भाऊबंद असतील, तर जाण्याचा काळ तोच. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एक आठवडा गुलमर्ग किंवा औलीला, पावसाळा सरताच व्हिसाचा अर्ज, दिवाळीपासून बैठका आणि पौष-माघात विमान, हा क्रम पाळावा. तो उलटा करून आधी विमानाचे तिकीट काढणाऱ्याला आल्प्समध्ये बर्फ दिसतो, स्कीइंग येत नाही.