स्वर्गींचें नागरिकत्व आणि देवाचा दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस तेथें स्थान होतें. ख्रिस्ताचें कुटुंब चर्चच्या कुंपणाबाहेरही असूं शकतें, हा विचार त्या काळीं धाडसाचा होता. परंतु त्याचीं मुळें फार जुनीं आहेत.

आपण एका नगराचे नसून विश्वाचे नागरिक आहों, असें ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणत असे, अशी कथा आहे. पुढें स्टोइक पंथानें त्यास तात्त्विक पाया दिला: बुद्धि सर्व मनुष्यांस समान, म्हणून सर्वांचें नगर एक. यहुदी लोकांची वाट निराळी. परकीय साम्राज्यांच्या टाचेखालीं त्यांच्यांत युगान्ताचें वाङ्मय वाढीस लागलें. दानीएलाच्या पुस्तकाचा उत्तरार्ध इसवी सनापूर्वीं १६५ च्या सुमाराचा मानतात. त्यांत चार साम्राज्यें चार श्वापदांच्या रूपानें येतात, आणि अखेरीस मनुष्यासारख्या एका व्यक्तीस सर्व राष्ट्रांवरील अक्षय राज्य मिळतें. येथें मानवजातीचें ऐक्य निसर्गसिद्ध नाहीं. तें न्यायनिवाड्यानंतर देवाकडून यावयाचें आहे.

हे दोन्ही प्रवाह पौलाच्या पत्रांत जवळ येतात. यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष हे भेद ख्रिस्तांत उरत नाहींत, असें तो गलतीकरांस कळवितो. आपलें नागरिकत्व स्वर्गांत आहे, असें तो फिलिप्पैकरांस लिहितो. फिलिप्पै ही रोमन वसाहत. तेव्हां त्या शब्दाची धार तेथील लोकांस सहज जाणवली असेल. पुढें डायोग्नेटस यास लिहिलेल्या एका प्राचीन पत्रांत म्हटलें आहे कीं, ख्रिस्ती लोक भाषेनें वा चालीरीतींनीं शेजाऱ्यांहून वेगळे नाहींत, तरी स्वदेशांतही ते प्रवाशाप्रमाणें राहतात.

मात्र या विचारांत एक पेंच आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकांत नव्या यरुशलेमेच्या वेशी कधींच बंद होत नाहींत. सिंहासनापुढें सर्व वंशांचे व भाषांचे लोक उभे राहतात. म्हणजे भाषा पुसल्या जात नाहींत. परंतु त्याच नगराबाहेर कांहीं लोक ठेवलेलेही आहेत. सर्वांस बोलावणारें घर शेवटीं कोणास बाहेर ठेवतें, हा प्रश्न तेथें शिल्लक राहतो.

टिळकांनीं त्यास मराठी भक्तिमार्गानें उत्तर दिलें. अभंग, ओवी व कीर्तन यांचा त्याग न करितां ख्रिस्तभक्ति करतां येते, हें त्यांनीं दाखविलें. १९१९ सालीं त्यांचें निधन झालें आणि दरबार फार काळ टिकला नाहीं. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें.

पिपरी मेघेहून जवळच असलेल्या सेवाग्रामांत १९३६ पासून गांधीजींचा निवास होता, आणि तेथें निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना एकत्र म्हटल्या गेल्या. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगाचें कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. आपली भाषा व आपली श्रद्धा राखून दुसऱ्यास शेजारीं बसविणें, हीच विश्वनागरिकत्वाची खरी कसोटी होय. स्वर्गींच्या नगराची वेस प्रथम आपल्याच गांवांत उघडावी लागते.